पाळी गेली आणि बीपी वाढलं

प्रश्न : मॅडम, माझं वय 49, यावल तालुक्यात राहते. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. आधी बीपी 110 च्या वर कधी गेलं नाही, आता दोनतीनदा 150 निघालं. अंगातून वाफा निघतात, घरचे म्हणतात ऊन लागलं असेल. नणंद सांगते हार्मोनच्या गोळ्या चालू कर, हार्ट पण चांगलं राहतं. करू का?

उत्तर : ताई, आपल्याकडे मे महिन्यात वाफा कोणाच्या निघत नाहीत, त्यामुळे घरच्यांचं अगदीच चुकत नाही, पण रात्री पंख्याखाली झोपलेली बाई घामाने भिजून उठते तेव्हा ते ऊन नसतं. ते इस्ट्रोजेन कमी झाल्याचं लक्षण. हे हार्मोन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवायला लावतं, त्याने वाहिनी सैल राहते. पाळी गेली की ते घटतं आणि केळीच्या बागेतली ठिबकची नळी वर्षानुवर्षं उन्हात पडून कडक होते ना, तसं आत हळूहळू व्हायला लागतं, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चरबी पोटावर येते. बायकांना हार्टचा त्रास पुरुषांपेक्षा साधारण दहा वर्षं उशिरा सुरू होतो तो बराचसा यामुळेच (उशिरा होतो, होतच नाही असं नाही).

आता गोळ्या. नणंदबाई म्हणतात ते एकेकाळी डॉक्टरही म्हणायचे. मग अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाची मोठी ट्रायल झाली, त्यातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (त्याच्या जोडीचं दुसरं हार्मोन) दोन्ही देण्याचा भाग 2002 मध्ये अर्ध्यातच थांबवावा लागला, कारण ब्रेस्ट कॅन्सर, स्ट्रोक, रक्ताच्या गुठळ्या वाढल्या आणि हार्ट काही वाचलं नाही. पण त्या बायकांचं सरासरी वय होतं 63! साठीच्या आत किंवा पाळी गेल्यावर दहा वर्षांत सुरू केलं तर धोका बराच कमी, असं पुढे लक्षात आलं. तुम्ही त्यात बसता, म्हणून वाफांनी झोप उडाली असेल तर गायनॅककडे विषय जरूर काढा, पण वाफांसाठी, हार्टसाठी म्हणून नको. त्याआधी बीपी ताब्यात यायला हवं. कधी पायात गुठळी झाली असेल, ब्रेस्ट कॅन्सर असेल तर ते पहिलं सांगा, आणि मेडिकलवरून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत.

बीपी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. बाळंतपणाच्या वेळी बीपी किंवा शुगर वाढली होती का तेही सांगा, कोणी विचारत नाही पण त्याचा हार्टशी संबंध आहे. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी खुशाल खा, हात आखडता घ्यायचा तो उडदाचे पापड, लोणचं आणि शेवभाजीला. आणि कधी दम लागला, जबडा किंवा पाठ भरून आली, मळमळून घाम फुटला तर गॅस झाला म्हणून सोडा पीत बसू नका, 108 ला फोन लावा.

प्रश्न : वय 24, अमळनेर. जिममधला ट्रेनर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देतो. हार्टला काही होतं का?

उत्तर : होतं. चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, रक्त घट्ट होतं, हार्टचा स्नायू जाड होऊ शकतो, वर शरीर स्वतःचं हार्मोन बनवणं बंद करतं. पुढचा डोस घेऊ नको, फिजिशियनला भेट, काय काय टोचलंय ते सगळं खरं सांग. आणि त्या ट्रेनरला एकदा डिग्री विचारून बघ.