वराहपालकांचे प्रश्न: स्वाइन फीवर या डुकरांच्या विषाणूजन्य रोगाची लस

प्रश्न: दोन माद्या आणि अठरा पिल्लं आहेत. पिल्लांना लस कधी टोचू? शेजारी म्हणतो, जन्मल्याबरोबर टोच.

शेजाऱ्याचं ऐकू नका. मादीला लस दिलेली असेल तर तिच्या चिकातून पिल्लांना तयार प्रतिकारशक्ती मिळते आणि तीच लसीला निकामी करते. दीड-दोन महिन्यांत ती ओसरते, तेव्हा टोचा. मादीला पिल्लं दुधावरून तोडल्यावर, पुन्हा गाभण जाण्याआधी द्या.

प्रश्न: लस टोचून आठ दिवस झाले आणि पाच पिल्लं दगावली. लस बोगस होती का?

आधी बाटली घरी कशी आली ते आठवा. ही जिवंत विषाणूची लस आहे. तिला २ ते ८ अंश सेल्सिअसचा गारवा लागतो. एका मालकाने माझ्यासमोर शर्टाच्या खिशातून बाटली काढली होती. एसटीतून आलेली, हाताला चक्क कोमट! अशी लस टोचणं म्हणजे पाणी टोचणं. बर्फाच्या डब्यातूनच आणा आणि द्रावण मिसळल्यावर दोन तासांत संपवा. सुई उकळून गार करा, स्पिरिटने पुसू नका. स्पिरिट लसही मारतं.

दुसरी शक्यता, रोग आधीच शिरला होता. पिल्लं एकमेकांवर ढीग करून पडतात, डोळे चिकटतात, कान-पोट जांभळं पडतं, मागचे पाय लडखडतात. अशांना लस वाचवत नाही. गाभण मादीला संसर्ग झाला, तर वरून धडधाकट दिसणारं पिल्लूही जन्मभर विषाणू सांडत फिरू शकतं. वाढ खुंटलेलं एखादं पिल्लू कळपात आहे का, बघा.

प्रश्न: माणसाला होतो का?

नाही. स्वाइन फ्लू वेगळा.

प्रश्न: ही लस सशांपासून करतात म्हणे?

आपल्याकडे १९६४ पासून तशीच करत आले. एका सशातून जेमतेम ५० डोस मिळत, म्हणून लस कायम अपुरी. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने देशी विषाणूपासून पेशीसंवर्धनावर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर, लस तयार केली. ती २०२० मध्ये जाहीर झाली. ससे मारावे लागत नाहीत, डोसचा खर्च दोन रुपयांच्या आसपास सांगितला गेला आणि संरक्षण दोन वर्षांचं. तुमच्या दवाखान्यात कोणती लस येते ते विचारा, पुढच्या टोचणीची तारीख त्यावर ठरते.

प्रश्न: आफ्रिकन स्वाइन फीवरलाही हीच चालेल?

अजिबात नाही. नाव सारखं, विषाणू पूर्ण वेगळा. तो २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आढळला. व्हिएतनामने त्यावर लस वापरात आणली आहे; आपल्याकडे मात्र शेडचं फाटक बंद ठेवणं हीच काय ती लस. लक्षणं इतकी मिळतीजुळती की नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय मीही सांगू शकत नाही. हॉटेलचं खरकटं देत असाल तर अर्धा तास खळखळून उकळा. मेलेलं जनावर ओढ्यात टाकू नका. चुना घालून खोल पुरा. आजारी डुक्कर स्वस्तात विकू तर नकाच, आधी दवाखान्यात फोन करा.