तेल २० टक्के महागले, मग हीटिंगचा आकारही २० टक्के का?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक गृहसंकुलात तळघरातल्या एकाच तेलाच्या बॉयलरवर सगळी घरे तापतात. तेल २० टक्के महागल्यावर भाडेकरूंचा हीटिंग आकारही सरसकट २० टक्के वाढवला. हे योग्य आहे का?

उत्तर : सहसा नाही. हिवाळा सौम्य असल्याने १० टक्के कमी तेल जळले असेल, तर १.२० × ०.९० = १.०८, म्हणजे इंधनखर्च ८ टक्केच वाढला. शिवाय आकारात पंपाची वीज, बॉयलरची देखभाल, मीटरवाचन हेही असते. तेलाच्या दराशी त्याचा संबंध नाही.

आधी टाकीचा हिशेब लेखी मागा : वर्षारंभीचा साठा, अधिक खरेदी, वजा वर्षअखेरचा साठा. गोम बहुधा इथेच सापडते. बिले नव्या दराची जोडलेली असतात आणि जळालेले बरेचसे तेल जुन्या दराचे असते. वर्षअखेरीस भरलेली टाकी तर पुढच्या वर्षाचा खर्च. त्याच बॉयलरवर दुकाने असतील, तर त्यांचा वाटा आधी वेगळा काढायला हवा.

मग वाटणी. निव्वळ क्षेत्रफळावर आकारले, तर खिडक्या सताड उघड्या ठेवणाराही काटकसर करणाऱ्याइतकेच भरतो. निव्वळ मीटरवर आकारले, तर कोपऱ्यातली आणि वरच्या मजल्यावरची घरे भरडली जातात. मधल्यांना शेजारच्या भिंतींची ऊब फुकट मिळते. म्हणून मिश्र पद्धत बरी. जर्मनीच्या नियमात ५० ते ७० टक्के खर्च वापरानुसार वाटतात, उरलेला क्षेत्रफळानुसार.

मासिक हप्ता अंदाजे असेल, तर वर्षअखेरीस प्रत्यक्ष खर्चाशी त्याचा मेळ घालून जादा रक्कम परत मागा.