पाच रुपयांचा पुडा आणि तुमची पीएचडी

बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवता शिकवता 'जीएसटी आणि ग्राहकांची खाद्यपदार्थांची निवड' हा विषय पीएचडीला घेतलाय, तीनशे जणांकडून प्रश्नावली भरून घेतली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, पदवीही मिळेल. पण हाती फार काही लागणार नाही.

मीही हेच केलं होतं. वर्गात विचारलं, कोल्ड्रिंक पाच रुपयांनी महागलं तर कमी प्याल का? जवळजवळ सगळ्यांचे हात वर. महिन्याभरात कँटीनवाल्याने खरोखरच पाच रुपये वाढवले, आणि मधल्या सुट्टीत फ्रीजपुढची गर्दी होती तशीच. करांच्या बाबतीत तर हे हमखास होतं, कारण कर कुणाला दिसत नाही. दिसते ती छापील किंमत.

आणि तीही कधी कधी हलत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, फरसाण, चॉकलेट यांवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांची किंमत बहुधा तीच राहते, बदलतं वजन. म्हणून एमआरपी नको, दर शंभर ग्रॅमचा भाव काढा. मी हे फळ्यावर शिकवत नाही. प्रत्येकाने रिकामा पुडा आणायचा, किंमत आणि ग्रॅम वहीत उतरवायचे. एका विद्यार्थिनीने घरच्या दुकानातले एकाच फरसाणाचे जुने-नवे पुडे टेबलावर ओळीने मांडले. किंमत तीच, ग्रॅमचा आकडा वेगळा. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग कर कुणी खाल्ला?" कराचा भार शेवटी कुणावर पडतो, हे शिकवायला याहून बरा प्रश्न मला आजवर सुचलेला नाही.

त्याच दिवशी शीतपेयांचं काय झालं ते बघा. आधी 28 टक्के आणि वर 12 टक्के उपकर होता, आता सरळ 40. बेरीज तीच! म्हणजे एकाच दिवशी बिस्किटांवरचा कर उतरला आणि शेजारच्या फ्रीजमधल्या बाटलीवरचा जागच्या जागी राहिला. अशी तुलना आयती मिळत नाही. फक्त एक खोच आहे. तो घटस्थापनेचा दिवस होता, आणि पुढे दिवाळी. फरसाण, चॉकलेट तेव्हा तसंही जास्त खपतं. आधीच्या वर्षाशी तुलना करताना महिना नव्हे, तिथी जुळवा; 2024 ला लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरच्या आसपास होतं, 2025 ला 21 ऑक्टोबरच्या.

बाहेरची उदाहरणं वर्गात जरूर सांगा. मेक्सिकोने 2014 पासून साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला; त्यांची खरेदी पहिल्या वर्षी सुमारे 5.5 टक्के घटली, दुसऱ्या वर्षी 9.7. डेन्मार्कने 2011 ला संतृप्त चरबीवर कर लावला आणि सव्वा वर्षात गुंडाळला. लोक लोणी आणायला सीमेपलीकडे जाऊ लागले होते. आपल्याकडे सीमा पोत्याच्या वजनात असते. जुलै 2022 ला 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या तांदूळ-पिठावर 5 टक्के आले, आणि लगेच 26 आणि 30 किलोची पोती बाजारात दिसू लागली.

तयार आकडेवारी हवी असेल तर 2022-23 आणि 2023-24 च्या सरकारी घरगुती उपभोग खर्च पाहणीचा कुटुंबनिहाय डेटा फुकट मिळतो. तो 2025 च्या बदलाआधीचा, त्यामुळे लवचिकता, म्हणजे भाव बदलला की खरेदी किती बदलते, ती काढण्यापुरताच वापरा. त्यात भाव नसतो, खर्च भागिले वजन एवढंच निघतं. बासमती महागला म्हणून कोणी कोलमवर आलं, तर तुमच्या हिशेबात तांदूळ स्वस्त झालेला दिसेल! यावर अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी बरंच काम केलंय. त्यांचा आणि शंकर सुब्रमणियन यांचा 1996 चा उष्मांकांवरचा निबंध तर ग्रामीण महाराष्ट्राच्याच आकड्यांवर आहे. खर्च वाढला की उष्मांक वाढतात, पण बराच पैसा महागड्या उष्मांकांकडे जातो, ज्वारी सोडून दुसरीकडे. तो आधी वाचा.

प्रश्नावलीऐवजी दहा किराणा दुकानं धरा आणि आजपासून नोंदी सुरू करा. दुकानदाराला दुपारी तीनच्या सुमारास गाठा. सकाळी गेलात तर दूध-पावाच्या गर्दीत तो तुमच्याकडे बघणारही नाही.