वाचतो सगळं, पण कळत काहीच नाही

प्रश्न: ताई नमस्कार, माझा मुलगा दुसरीत आहे, मराठी माध्यमात. धडा दिला की 'ब ला काना बा, ज ला काना जा' करत करत पूर्ण वाचतो पण बाजारात कोण गेलं होतं विचारलं की गप्प. फळ्यावरचं सुंदर उतरवून आणतो, मनाने एक वाक्य लिही म्हटलं तर वही कोरीच. शेजारचे म्हणतात रोज दोन पानं शुद्धलेखन काढून घ्या. घरी आम्ही अहिराणी बोलतो त्यामुळे होतं का हे? बंद करू का?
- एक आई, धुळे

उत्तर: अहिराणी अजिबात बंद करू नका, हे आधी सांगते. गोष्ट ऐकणं, पुढे काय होईल याचा अंदाज करणं, 'का' विचारणं हे सगळं मूल घरच्या भाषेतच शिकतं आणि वाचताना तेच कामाला येतं. उलट धडा झाला की अहिराणीतच विचारून बघा, बरंच काही सांगेल कदाचित.

आता 'बाजारात' बघा ना, चार अक्षरं आणि तीन काने, एकेक अक्षर सोडवण्यातच त्याचं सगळं लक्ष जातं आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते, मग अर्थ लागणार कसा? हुशारीचा इथे काही संबंध नाही. आपली लिपी पण लहान मुलांना सोपी नाहीये, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि म्हणायची नंतर, 'सूर्य' मधला र ऐकू येतो य च्या आधी पण बसतो य च्या डोक्यावर. दुसरीतलं मूल इथे अडखळणारच. त्यासाठी एकच सोपं गोष्टीचं पुस्तक घ्या आणि तेच परत परत वाचा, आधी तुम्ही बोट फिरवत, मग दोघं मिळून, मग तो एकटा. हळूहळू शब्द अख्खा ओळखीचा होतो आणि काना-मात्रा म्हणत बसावं लागत नाही.

शुद्धलेखनाची दोन पानं मात्र नकोत. त्याने अक्षर वळणदार होईल पण ते लिहिणं नव्हे, नुसतं उतरवणं झालं. त्याला चित्र काढू द्या, काय काढलं ते सांगू द्या, आणि तो बोलेल तस्संच चित्राखाली तुम्ही लिहा, अहिराणीत बोलला तर अहिराणीत, मग त्यालाच वाचायला द्या. स्वतःचंच वाक्य असल्यामुळे अर्थाची अडचणच येत नाही. काही दिवसांनी पेन्सिल त्याच्या हातात. 'पाणी' चं 'पनी' लिहिलं तरी लगेच खोडू नका प्लीज, आवाज ऐकून अक्षर शोधतोय तो, ही खूप मोठी पायरी आहे, काना नंतर येईल.

२०२१ मधे सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-लेखन-गणिताच्या अभियानामधे सुद्धा समजून वाचण्याचं लक्ष्य तिसरीच्या शेवटापर्यंतचं आहे, म्हणजे अजून वेळ आहे. फक्त डोळे आणि कान एकदा तपासून घ्या, आणि पुढचे काही महिने नियमित वाचूनही अक्षरंच लक्षात राहत नसतील तर बाईंशी बोलून तज्ज्ञांना दाखवा, त्यात उशीर नको.