केनियातील इटेन या छोट्या गावात कोणकोण नामवंत राहतात?

आपण विचारले आहे की इटेनमध्ये कोणती प्रसिद्ध माणसे राहतात आणि मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे तिथलाच आहे का. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण हा समज बराच पसरलेला आहे. किपचोगे मूळचा नांदी भागातला असून त्याचा सराव एल्डोरेटच्या आग्नेयेला असलेल्या काप्तागात येथील शिबिरात चालत आला आहे. इटेन हे एल्डोरेटच्या ईशान्येला, एल्गेयो-माराक्वेत काउंटीत, केरिओ दरीच्या काठावर सुमारे 2400 मीटर उंचीवर वसलेले निराळे गाव आहे. गावाच्या वेशीवर ‘होम ऑफ चॅम्पियन्स’ अशी कमान उभी आहे आणि माझ्या मते त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. मात्र या विजेत्यांपैकी पुष्कळ जण इटेनमध्ये जन्मलेले नाहीत. ते शिकायला, सरावाला किंवा कायमचे राहायला तिथे आले. म्हणून ‘रहिवासी’ या शब्दाचा अर्थ मी थोडा सैल धरतो.

माझ्या यादीत पहिले नाव धावपटूचे नाही, ते एका शिक्षकाचे आहे. आयर्लंडमधील कॉर्कचे ब्रदर कॉल्म ओ’कॉनेल हे पॅट्रिशियन ब्रदर्स या कॅथलिक संघाचे सदस्य असून 1976 मध्ये ते इटेनमधील सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये भूगोल शिकवण्यासाठी थोड्या काळाकरिता म्हणून आले आणि तिथलेच झाले. धावण्याच्या प्रशिक्षणाचा कसलाही पूर्वानुभव त्यांना नव्हता. शाळेत तेव्हा पीटर फॉस्टर नावाचे इंग्रज शिक्षक मुलांकडून सराव करून घेत असत (ब्रिटिश धावपटू ब्रेंडन फॉस्टरचे ते भाऊ). ते परतल्यावर ही जबाबदारी ब्रदर कॉल्म यांच्याकडे आली. याच शाळेच्या पीटर रोनोने 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी 1500 मीटरचे सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी शाळेचा आणखी एक माजी विद्यार्थी इब्राहिम हुसेन बोस्टन मॅरेथॉन जिंकणारा पहिला आफ्रिकी धावपटू ठरला, तर 1992 मध्ये बार्सिलोनात मॅथ्यू बिरिरने 3000 मीटर स्टीपलचेसचे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे) सुवर्ण पटकावले. स्टीपलचेसमधील केनियाची ही मक्तेदारी किती घट्ट होती, हे मराठी वाचकांना आपल्या बीड जिल्ह्यातील अविनाश साबळेमुळे ठाऊक असेल: 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य मिळवले तेव्हा 1994 नंतर प्रथमच या शर्यतीचे एखादे पदक केनियाबाहेर गेले.

800 मीटरची कथा तर याहून विलक्षण आहे. सेंट पॅट्रिक्समध्ये शिकलेला विल्सन किपकेटर 1990 मध्ये डेन्मार्कला गेला आणि तिकडचाच झाला. त्याला इटेनचा रहिवासी म्हणणे ओढूनताणून होईल, विद्यार्थी म्हणणे योग्य. नागरिकत्वाचा प्रश्न सुटला नसल्यामुळे 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला धावता आले नाही. पण पुढच्याच वर्षी त्याने ब्रिटिश धावपटू सेबॅस्टियन को याचा सोळा वर्षे टिकलेला विश्वविक्रम मोडला. किपकेटरची 1:41.11 ही वेळ 2010 मध्ये मागे टाकली ती डेव्हिड रुडिशाने, आणि त्याचे प्रशिक्षक होते ब्रदर कॉल्म. रुडिशा केनियातील किलगोरिस भागातला, मासाई जमातीचा. त्याच्या वडिलांनी 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये 4 × 400 मीटर रिलेचे रौप्यपदक मिळवले होते. शाळकरी वयातच तो इटेनला आला आणि 9 ऑगस्ट 2012 रोजी लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, वेग ठरवून देणारा कोणी पुढे नसताना, पहिल्यापासून स्वतःच आघाडीवर राहून त्याने 1:40.91 ही वेळ नोंदवली. म्हणजे 1997 च्या ऑगस्टपासून हा विक्रम या एकाच गावात घडलेल्या दोघांकडे राहिला आहे. एखाद्या महानगरालाही असा दावा करता येणार नाही.

स्त्रियांपैकी लॉर्ना किपलागातचा उल्लेख सर्वप्रथम करायला हवा. शतक पालटण्याच्या सुमारास तिने इटेनमध्ये उच्चस्थळी सरावाचे केंद्र सुरू केले, कारण मुलींना घरकाम बाजूला ठेवून केवळ सराव करता येईल अशी जागा नव्हती. पुढे तिने नेदरलँड्सचे नागरिकत्व घेतले आणि 2007 मध्ये इटलीतील उदिने येथे अर्धमॅरेथॉनचे विश्वविजेतेपद विश्वविक्रमासह जिंकले. पॉला रॅडक्लिफ, मो फराह यांच्यासारखे परदेशी धावपटू इटेनला येऊन राहू लागले, त्यामागे या केंद्राचा मोठा वाटा आहे. एडना किपलागात 2011 आणि 2013 मध्ये मॅरेथॉनची विश्वविजेती झाली. त्यांपैकी 2011 च्या, दक्षिण कोरियातील देगूच्या शर्यतीत ती पाण्याच्या टेबलाजवळ सहकारी धावपटूशी धडकून पडली होती आणि तरीही जिंकली. मेरी कीतानीने न्यूयॉर्क मॅरेथॉन चार वेळा जिंकली, शिवाय 2017 मध्ये लंडनला 2:17:01 अशी केवळ महिलांच्या (म्हणजे सोबत पुरुष धावपटू नसलेल्या) शर्यतीतील विक्रमी वेळ दिली.

पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये विल्सन किपसांगने 2013 मध्ये बर्लिनला 2:03:23 चा विश्वविक्रम केला आणि इटेनमध्ये हॉटेलही काढले. ठावठिकाणा कळवण्याचे उत्तेजकविरोधी नियम मोडल्याबद्दल आणि चौकशीत दिशाभूल केल्याबद्दल 2020 मध्ये त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली, हेही सांगायलाच हवे.

अ‍ॅग्नेस टिरोपचे नाव वगळले तर हे उत्तर अपुरे राहील. 2015 मध्ये ती क्रॉस कंट्रीची (मोकळ्या माळरानावरील शर्यतीची) विश्वविजेती झाली होती आणि सप्टेंबर 2021 मध्ये जर्मनीत तिने केवळ महिलांच्या 10 किलोमीटर शर्यतीचा 30:01 हा विश्वविक्रम केला. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, 13 ऑक्टोबर रोजी, इटेनमधील राहत्या घरी तिची हत्या झाली आणि तिच्या पतीवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. धावपटू मुलींच्या कमाईवर आणि आयुष्यावर पती, प्रशिक्षक किंवा नातेवाईक कसा ताबा मिळवतात, हा विषय तोवर दबक्या आवाजात बोलला जाई. तो या घटनेने उघड्यावर आणला. तिच्या सहकाऱ्यांनी घरगुती हिंसाचाराविरुद्ध ‘टिरोप्स एंजल्स’ ही संस्था उभारली. या संस्थेच्या संस्थापकांपैकी व्हायोला चेप्टो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये दुसरी आली.