विद्यापीठातले विद्यार्थी ऑनलाइन बातमी खरी की खोटी हे कशावरून ठरवतात?

बहुतेकदा दिसण्यावरून. मांडणी नीटनेटकी, लोगो झकास, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’, की बसला विश्वास! स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ विद्यार्थी, १० इतिहासतज्ज्ञ आणि १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस होते. बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संस्थांची पानं समोर ठेवली, तर बहुतेक विद्यार्थ्यांनी मूळ मोठी संस्था सोडून तिच्यातून फुटलेल्या छोट्या गटालाच जास्त भरवशाचं मानलं. कारण ते त्याच पानावर वर-खाली करत बसले. (इतिहासतज्ज्ञही अनेकदा फसले, बरं का.) तपासनीस मात्र लगेच दुसरी टॅब उघडून संस्थेमागे कोण आहे, इतर लोक तिच्याबद्दल काय लिहितात, ते आधी बघत. तुम्हीही शेअर करण्याआधी तेवढंच करा.