टॅरो आणि धीर: सुरुवातीला चारच पत्ते

मनापासून सांगते, टॅरोच्या संचातले ७८ चित्रांचे पत्ते पाठ करायच्या मागे लागू नका. पहिला महिना धीराशी, थांबण्याशी जोडलेले चारच बाजूला काढा: हँग्ड मॅन, टेम्परन्स, फोर ऑफ सोर्ड्स आणि सेव्हन ऑफ पेंटॅकल्स. संच रायडर-वेटचा घ्या. १९०९ साली पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या या संचात फोर ऑफ सोर्ड्ससारख्या आकड्यांच्या पत्त्यांवरही माणसं आणि प्रसंग आहेत.

रोज सकाळी एक पत्ता, दहा मिनिटं, अर्थांची पुस्तिका मिटलेली. सेव्हन ऑफ पेंटॅकल्स बघा. शेतकरी कुदळीच्या दांड्यावर रेलून उभा आहे. सहा नाणी झाडावर, एक पायाशी. तो तोडत का नाहीये? थकलाय, की वाट बघतोय? वाटेल ते दोन ओळीत वहीत लिहा. माझ्या खिडकीखाली कर्वे रस्ता आहे, हॉर्न चालूच असतात. शांतता मिळाल्यावर बसू म्हणाल, तर राहूनच जाईल.

नवीन असताना हमखास होणाऱ्या चुका:
- पत्ता आवडला नाही की पुन्हा पिसणं. नका करू. नकोसा वाटलेला पत्ताच दिवसभर समोर ठेवा.
- "नोकरी कधी लागेल?" असं विचारणं. त्याऐवजी "वाट बघताना मी कशी वागते?" हे विचारा.

उलटे पत्ते सध्या सरळ करून घ्या. एकापेक्षा जास्त पत्त्यांच्या मांडण्या नंतर.

आणि हँग्ड मॅनला घाबरू नका हं. एका पायाने उलटा टांगलाय खरा, पण चेहरा बघा किती निवांत, डोक्यामागे प्रभावळ. पंधरा दिवसांनी वही उघडून काय दिसलं ते नक्की कळवा.